पिकअपमधला स्वावलंबी मुक्काम

आत्मकथन लिहायचं तर केस पांढरे व्हावे लागतात, असं अव्वाचं, म्हणजे माझ्या आईचं, मत आहे. माझे कानाजवळचे थोडे झालेत, तेवढ्यावरच मी सुरुवात केली. बाकीचे होईपर्यंत थांबले असते तर या गाडीची गोष्ट अव्वानं आपल्या पद्धतीनं अख्ख्या तालुक्याला सांगून संपवली असती, आणि तिच्या गोष्टीत मी फारच कमी शहाणी आहे. माझ्या गोष्टीतही मी फारशी शहाणी नाही, पण इथं निदान वाक्यं माझी आहेत.

खटकचिंचोळीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत अप्पांचं छपाईचं मशीन होतं, पायानं चालणारं. पहाटे अप्पांची लिंगपूजा उरकली की कपाळावरची विभूती वाळायच्या आत खटाक-धप्प, खटाक-धप्प सुरू व्हायचं, आणि त्याच तालावर आत अव्वाच्या भाकरी थापल्या जायच्या. घरभर शाईचा आणि रॉकेलचा वास. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं ही पोटापुरती छपाई. अप्पांची खरी छपाई पत्रकांची. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, लग्नातल्या कर्णकर्कश वाजंत्रीविरुद्ध. हे शेवटचं पत्रक अप्पा कर्णा लावून गावोगाव वाचून दाखवायचे. उरलेल्या गठ्ठ्यांवर आम्ही बसायचो, टेकायचो, अव्वा त्यांच्यावर पापड वाळत घालायची. माझं नाव समता ठेवलं तेही एका पत्रकाच्या मथळ्यात जागा भरायला शब्द शोधताना सुचलं, असं अप्पांनी एकदा मोकळेपणी सांगितलं होतं. मी अक्षरं या पत्रकांवरच गिरवली, त्यामुळे ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ लिहिता येत होतं. भूक लागली की मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून म्हणायची, “भाकरी हा प्रत्येकाचा हक्क आहे.”

“व्हय का? मंग हक्कानं थापून घे,” अव्वा म्हणायची, आणि परात पुढं सरकवायची.

अप्पांची पिकअप ही या सगळ्या छपाईचे पाय होती. नाक पुढं आलेली, दिवे गोल आणि किंचित तिरळे, रंग हिरवा, पण कुठल्याच पालेभाजीशी न जुळणारा. उजवं दार आतून सुतळीनं बांधावं लागायचं. ती निजामाच्या काळातली आहे असं अप्पा अभिमानानं सांगायचे. “हिच्याच पायी गेला असंल निजाम,” असं अव्वा तितक्याच अभिमानानं म्हणायची. पुढच्या सीटवर अप्पांच्या शेजारी कर्ण्याचा अॅम्प्लिफायर, वायरींची गुंडाळी आणि पत्रकांचे गठ्ठे. ती जागा त्यांचीच. येळवशीला, म्हणजे त्या थंडीतल्या अमावास्येला, जेव्हा आमच्याकडची सगळी गावं घराला कुलूप घालून शेतात जेवायला जातात, तेव्हासुद्धा अव्वा मागं हौद्यात बसायची. मांडीत आंबिलीचं मडकं, पाठीशी भाकरीची टोपली, आणि प्रत्येक खड्ड्याला अप्पांच्या नावानं एक शब्द. एवढ्या वर्षांच्या संसारात ती पुढच्या सीटवर कधी बसली नव्हती. हे त्या वेळी मला दिसलं नव्हतं. स्त्रीमुक्तीवरचं पत्रक मात्र मी पुढच्या सीटवर, गठ्ठ्यांच्या वर बसूनच तपासलं होतं.

मी गुलबर्ग्याला कॉलेजात होते तेव्हा अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि गाडी अंगणात लिंबाखाली उभी राहिली. कोंबड्यांनी हौद्यात संसार मांडला. अव्वाला त्या जागेवर म्हशीसाठी नवा गोठा हवा होता; जुना पत्रकांच्या गठ्ठ्यांनी भरलेला. म्हैस कुणाची, कितव्या वेताची, शिंगं कशी, सगळं तिच्या मनात ठरलेलं होतं. मी सुट्टीत घरी आले तर भंगारवाला बॉनेटवर बोटानं टकटक करून आवाज ऐकत होता आणि अप्पा ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसलेले. मी पेटले. तेव्हा मला पेटायला काडीसुद्धा लागत नसे. शहरातली माझ्या वर्गातली मुलं सुट्टीत कुठल्याशा धरणाजवळ भाड्याच्या तंबूत राहून आली होती, त्याचा राग मनात ताजा होता. कष्टकऱ्यांच्या पोरांनी उघड्यावर राहायचं आणि पैसेवाल्यांनी त्याचेच पैसे मोजायचे, हा काय प्रकार! त्याच संध्याकाळी मी अप्पांच्या मशीनवर एक पत्रक छापलं: ‘जुन्या गाडीसह स्वावलंबी मुक्काम: मार्ग व पद्धती’. हौद्यात फळी टाकून झोपावं. नाहीतर गाडीच्या कडेला ताडपत्री बांधून बांबूवर ताणावी. झाड मिळाल्यास गाडी आणि झाड यांच्यामध्ये झोळी टांगावी. आणि कोणत्याही परिस्थितीत कष्टकरी जनतेच्या चुलीवर आपला भार टाकू नये. या सगळ्यातलं मी तोवर काहीच करून पाहिलेलं नव्हतं.

“ही गाडी भंगार नाही, अव्वा,” मी ते पत्रक तिच्या हातात देत म्हणाले. “ही चळवळ आहे.”

“चळवळ म्हणतीस, अन् पावसाळ्यापासून जागची हलली न्हाई.” अव्वानं पत्रकाची घडी घालून तव्याखाली धग वाढवायला ते चुलीत सारलं. मग भाकरी उलटत, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, “येक कर. येळवशीला मला हिच्यात घालून करजगीला ने. माज्या म्हायेरला. ह्या गाडीनं सगळी दुनिया हिंडली, तेवढं येक गाव तिला कधी सापडलं न्हाई. आपण होऊन गेली अन् आपण होऊन आली, तर ऱ्हाऊ दे बापडी. पण दोरी लागली, ट्रॅक्टर लागला, न्हाई तर कुणाचा हात लागला, तर मागारी आणायची न्हाई. तिकडंच इकायची. कबूल?”

ओट्यावर अप्पांची मान वळली. आमच्या घरात तत्त्वांवर वाद खूप व्हायचे, पण अटी अव्वा घालायची आणि त्या मोडल्याचं मला आठवत नाही. मी कबूल म्हणाले. दुसऱ्या दिवशी अप्पा हातानं चाचपडत प्लग साफ करताना दिसले, नवी बॅटरी कुठून तरी आली, आणि येळवशीच्या आदल्या दिवशी निघताना ते खिडकीत वाकून एवढंच म्हणाले, “चढाला घाई करू नको. अन् हँडल घेतलंस का?”

हँडल म्हणजे बॅटरीनं दगा दिला तर पुढून घालून इंजिन फिरवायचा लोखंडी दांडा. तो गेली कित्येक वर्षं अव्वानं गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावला होता. मी काढायला गेले तर अव्वा म्हणाली, “अन् दार कशानं लावू? नवी बॅटरी हाय की.” मला ते पटलं. कर्णा आणि अॅम्प्लिफायर मात्र मी आठवणीनं घेतले.

प्रवासात अव्वा पहिल्यांदा पुढं बसली. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, आणि पाठ सीटला न टेकलेली, जणू ही जागा दुसऱ्या कुणाची आहे आणि तो आता येईल. मागं तिनं आख्खं स्वयंपाकघर भरलं होतं. आंबिलीचं मडकं मी स्वावलंबनाच्या तत्त्वात बसवलं, पण जातं घ्यायला मी नाही म्हणाले तेव्हा तिनं पाटा घेतला. दोन्ही बाजूंना उभी ज्वारी, मध्येच कापून ढीग लावलेली तूर, आणि त्या सगळ्यावर आमच्या सायलेन्सरचा धूर. गुलबर्ग्यात एका रिक्षावाल्यानं शेजारी येऊन विचारलं, “अम्मा, म्यूझियम किधर ले जा रहे?” अव्वा त्याच्यावर ओरडली नाही. ती काचेतून समोर बघत होती. शहर मागं पडल्यावर बऱ्याच वेळानं म्हणाली, “पुढून असं दिसतंय व्हय सगळं. येणारं दिसतंय. मागं बसलं की नुसतं गेलेलंच दिसतंय बघ.”

मी त्यावर काहीतरी वैचारिक बोलले असणार. काय ते सुदैवानं आठवत नाही.

करजगीत अव्वाचं माहेर म्हणावं असं घर उरलं नव्हतं; आईवडील गेलेले, घर दुसऱ्याचं झालेलं. होती फक्त निंगव्वा, तिची लहानपणची जोडीदारीण, जिचं शेत गावाबाहेर ओढ्याला लागून होतं. त्या शेताच्या बांधाशी मी गाडी लावली आणि मुक्काम मांडला. ताडपत्री गाडीच्या कडेला बांधून बांबूवर ताणली, ती वाऱ्यानं अशी फडफडली की ओढ्यापलीकडच्या बैलानं दावं तोडलं. झोळी बाभळीला बांधली. मी आत बसताच गाडीची ती बाजू आणि बाभळीची फांदी दोघी माझ्याकडं कलल्या आणि बाभळीचे काटे माझ्या विचारसरणीत शिरले. उरला हौदा. लोखंडाचा पत्रा मार्गशीर्षाच्या थंडीत किती गार पडतो याचा उल्लेख माझ्या पत्रकात नव्हता. त्यात पाटा मध्येच. हे सगळं चालू असताना निंगव्वा आली. उंच, काळी, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. तिनं अव्वाला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं, दोघी कानडीत रडल्या, मराठीत हसल्या, आणि मग तिचं लक्ष माझ्या ताडपत्रीकडं गेलं.

“ह्ये काय, जत्रंतलं दुकान लावायलाव व्हय?”

“नाही मावशी. आम्ही इथं स्वावलंबी मुक्काम करतोय.”

“घर सोडून?”

“तुमच्या चुलीवर आमचा भार नको. आमचं आम्ही शिजवणार. उद्याही आम्ही आमचंच खाणार.”

निंगव्वानं अव्वाकडं पाहिलं. येळवशीच्या दिवशी बांधावरून वाट चुकलेला माणूस गेला तरी त्याला हाताला धरून पानावर बसवतात. भरल्या शेतात येऊन जेवणार नाही म्हणणं म्हणजे पिकाला नजर लावणं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. जन्मापासून ठाऊक होतं. अप्पांचं दासोहावरचं, म्हणजे अन्नदानावरचं, पत्रक मी स्वतः शिशाचे खिळे लावून जुळवलेलं: वाढणाऱ्याइतकाच खाणाराही पुण्यवान, वगैरे. पण स्वतः जुळवलेली अक्षरं आपण आरशात असल्यासारखी उलटी वाचतो, हा त्या धंद्याचा दोष आहे.

“कामून असं करायलीस गं?” निंगव्वा गेल्यावर अव्वा म्हणाली. “तिनं काय वाईट केलंय तुजं?”

“हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्व खा मंग,” म्हणून अव्वा सरळ निंगव्वाच्या घरी झोपायला गेली. मी हौद्यात, पाट्याच्या शेजारी, मोठ्या निष्ठेनं कुडकुडले.

सकाळी शेत माणसांनी भरलं. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारलेली, तिच्यात चुन्यानं रंगवलेले दगड, म्हणजे पांडव. टोपल्यांवरचे फडके सरकले की वास यायचा: चवळी, वाल, तूर, हरभरा सगळं एकत्र करून शिजवलेली भज्जी, लसणाची फोडणी घातलेली पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, तीळ लावलेल्या सजगुऱ्याच्या, बाजरीच्याच, कडक भाकरी, शेंगापोळ्या. पूजा होऊन शेतभर घास उधळेपर्यंत, ज्याला तिकडं चरग म्हणतात, कुणी तोंडात काही घालत नाही. म्हणजे समोर पन्नासभर माणसं, हात धुतलेली, रिकामी, कुठंही न जाणारी. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला असं दृश्य सोसत नाही. मी गाडीच्या टपावर कर्णा चढवला, वायरी बॅटरीला लावल्या आणि सुरू झाले.

“बंधू आणि भगिनींनो!”

मी स्वावलंबनावर बोलले. परावलंबनावर बोलले. दोन्हींमधल्या फरकावर बोलले. आपलं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकू नका, असं मी निरनिराळ्या आवाजांत सांगितलं. ओढ्यापलीकडून प्रतिध्वनी येत होता, त्यालाच मी पाठिंबा समजले. माणसं अतिशय सभ्यपणानं ऐकत होती. पाहुणा बोलत असताना मध्ये उठायचं नाही, एवढंच ते कारण होतं, हे मला आता कळतं. मडक्यातली आंबील फसफसून वर आली. ऊन डोक्यावर आलं. शेवटी पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला. प्रश्न! माझं भाषण आजवर प्रश्नापर्यंत कधी पोचलं नव्हतं.

“बोला, आजोबा.”

“बाई, ह्ये औषध गुडघ्यावर चालतंय का?”

कर्णा लावलेली गाडी, तावातावानं बोलणारी बाई. त्यांच्या अनुभवात हे एकाच कारणासाठी गावात येतं. हशा पिकला तो थांबेना. निंगव्वानं डोळे पुसत पुसत येऊन माझ्या हातातला माईक काढून घेतला, त्याच्याकडं जरा बघितलं, आणि त्यातच म्हणाली, “झालं न्हवं? देव उपाशी हाय. ऊटा करू दे, जेवू दे.” तिचा आवाज माझ्यापेक्षा कितीतरी चांगला लागला.

मग चरग झालं. एकजण हातानं आंबील शिंपडत पुढं, बाकीचे आरोळ्या देत मागं, आणि मीही. आणि मग मी जेवले. तत्त्वाचं काय करायचं याचा विचार करायला वेळ मिळू नये इतक्या वेगानं निंगव्वा वाढत होती. हौद्यातल्या रात्रीनंतर त्या भज्जीचा पहिला घास अंगात उतरला तेव्हा जे वाटलं, त्याला पत्रकाच्या भाषेत शब्द नाही.

निघायच्या वेळेला मी सीटवर बसले, किल्ली फिरवली. खट्. पुन्हा फिरवली. खटसुद्धा नाही. स्वावलंबनानं बॅटरी पार पिऊन टाकली होती. हँडल खटकचिंचोळीत गोठ्याच्या दाराला.

अव्वा खिडकीशी उभी होती. तिला सगळं एका नजरेत कळलं. कुणाचा हात लागला तर तिकडंच इकायची. मला त्या क्षणी म्हैस दिसली, शिंगांसकट. आणि ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसलेले अप्पा दिसले. मी उगाच किल्ली आणखी एकदा फिरवली. निंगव्वाचा थोरला मुलगा बाह्या सारत आला, मागं सगळं शेत.

“खांदा द्यावा का न्हाई, आधी तेवढं सांगा,” तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. “मघाशी तुमीच नगं म्हणलाव.”

“कर्ण्यावरनं नगं म्हणलीय,” मागून कुणीतरी म्हणालं. “लेखी दिलेलं न्हाई.”

मी अव्वाकडं पाहिलं. अट तिची होती; हो म्हणायचं की नाही म्हणायचं, तेही तिनंच. ती गाडीच्या त्या ओळख न पटणाऱ्या हिरव्या रंगाकडं बघत राहिली. मग तिनं पदर कमरेला खोचला, मागं गेली, हौद्याच्या फळीला दोन्ही हात लावले आणि ओरडली, “बसून काय ऱ्हायलीस? दुसरा गेअर टाक की!”

निंगव्वा तिच्या शेजारी उभी राहिली. मघाशी चरगाला दिलेल्या त्याच आरोळ्या देत अख्खं शेत गाडीला भिडलं. ढेकळांवरून ती हलली, डुलली, मी क्लच सोडला, ती शिंकली, थांबते की काय असं वाटलं, आणि मग धडधडत सुटली. आता थांबवायची सोय नव्हती. मी बांधाबांधानं वळसा घेत राहिले आणि अव्वा पिशवी छातीशी धरून गाडीसोबत पळत राहिली. तिसऱ्या वळणाला निंगव्वानं तिला मागून उचलून आत ढकललं. वरून खिडकीतून शेंगापोळ्यांचं गाठोडं आलं. अव्वा धापा टाकत होती आणि हसत होती. तिला मी असं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. या खेपेला ती सीटला पाठ टेकून बसली. मध्ये गाडी थांबवावी लागू नये म्हणून गुलबर्गा ओलांडेपर्यंत तिनं पाणी घेतलं नाही. पुढं एक चांगला उतार बघून, घरंगळत पुन्हा सुरू व्हावी म्हणून नाक खाली करून आम्ही गाडी थांबवली, आणि उतरावं लागलं तेवढंच उतरलो.

अप्पांना दिसत नव्हतं, पण आवाज त्यांनी वेशीपासून ओळखला होता. आम्ही लिंबाखाली थांबलो तेव्हा ते बॉनेटवर हात ठेवून उभे होते.

“दोरी लागली का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई,” अव्वा म्हणाली.

“ट्रॅक्टर?”

“न्हाई.”

खोटं बोलायचं नाही, यावरसुद्धा अप्पांचं एक पत्रक होतं. “कुणाचा हात?”

अव्वा खाली उतरली, पदर सारखा केला. म्हशीच्या जागेकडं तिनं एकदा पाहिलं, हे मी पाहिलं.

“कुणाचा न्हाई. माज्या म्हायेरचा लागला,” ती म्हणाली. “म्हायेरचा हात परका असतोय का?”

ती गोठ्याकडं गेली, दाराचा अडसर उपसला आणि तो लोखंडी दांडा आणून अप्पांच्या हातात ठेवला. “ह्ये गाडीत ठिवा. दाराला दुसरं काय तरी बघा.”

पुढं अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. म्हैसही आली, ती गाडीच्या शेजारीच बांधतात आणि ती दिवसभर त्या हिरव्या रंगावर अंग घासते, त्यामुळे रंग आता कुठल्याशा पालेभाजीच्या जवळ आला आहे. पत्रकं मी अजून लिहिते, पण कर्णा अव्वानं मीठ-मिरच्यांच्या फळीवर उलटा ठेवलाय आणि त्यात कांदे आहेत. दर येळवशीला अप्पा गाडी काढतात. अॅम्प्लिफायरच्या जागी अव्वा बसते, पाठ टेकून, येणारं सगळं बघत आणि अप्पांना सांगत. मी मागं हौद्यात असते, मांडीत आंबिलीचं मडकं धरून. खड्डा आला की आंबील अंगावर येते. तिथून नुसतं गेलेलंच दिसतं. तेच मी लिहून काढते आहे.